आवाज दे, कंट्रोल

माझ्या नवऱ्याचे शब्द गेले आणि आवाज तेवढे राहिले. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई काव्य करतेय. काव्यबिव्य काही नाही. सकाळी दाढी करता करता हे बाथरूमच्या दाराला टेकले, उजवा हात लोंबला, आणि दवाखान्यातून घरी आले ते चहाला ‘सुर्र’ म्हणत आले. दाराला ‘कर्रऽ धप्’. खिडकीला ‘खाड्’. वर्तमानपत्राला ‘फर्र फर्र’. चहा हा शब्द गेला, दार हा शब्द गेला, लेकीचं नाव गेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, मेंदूतली शब्दांची जागा दुखावते आणि बाकीचं शाबूत राहतं. मी विचारलं, बाकीचं म्हणजे काय? तर म्हणाले, एखाद्याचं गाणं राहतं, एखाद्याच्या शिव्या राहतात. आमच्या घरात गाणं कोणी गात नाही आणि शिव्या मी देते. यांच्याकडे आवाजच होते.

दुसरी कोणी असती तर तिने डोकं धरलं असतं. मला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं, कारण आमचा संसारच मुळात आवाजावर उभा राहिलाय.

मी लिफ्ट कंपनीत तक्रारी घ्यायला बसायचे. तळघरातली बिनखिडकीची खोली, एक टेबल, त्यावर टेलिफोन, भिंतीला शहराचा नकाशा आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. त्या खोलीला कंट्रोल रूम म्हणायचे. खोलीत मी एकटीच, म्हणून सगळे मेकॅनिक मला कंट्रोल म्हणायचे. बाकीच्यांनी म्हटलं आणि सोडून दिलं. यांनी लग्नानंतरही सोडलं नाही. सासूबाईंसमोर, लेकीच्या शाळेत बाईंसमोर, भर रस्त्यात, “कंट्रोल, माझा चष्मा कुठाय?” सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की मी त्यांच्या मुलाला मुठीत ठेवलंय, म्हणून तो असं म्हणतो. मीही त्यांचा गैरसमज फार मनावर घेऊन दूर केला नाही.

नोकरीला लागले तेव्हा मी शहाणपणा करायचे. कोणी फोनवर काही सांगितलं की मी पुढे कळवायचे, अमुक ठिकाणी दार बिघडलंय. हे दाराची हत्यारं घेऊन सात मजले चढून जायचे आणि बिघाड निघायचा भलतीकडे. एकदा असेच परत आले, खाली माझ्या खोलीत. हात ग्रीसने काळे होते म्हणून मागे धरलेले. म्हणाले, “तू निदान करू नकोस. लोक जसा आवाज काढतात तसाच मला दे. त्यात काही घालू नकोस, काही काढू नकोस. आवाज दे, कंट्रोल.”

झालं. मग मी दिवसभर टेलिफोनवर आवाज काढायला लागले. “दंतवैद्यांच्या इमारतीत खर्र-खर्र-टक्. बँकेत कुंईऽऽ आणि मग घुम्म.” शेजारच्या ऑफिसातला हिशेबनीस एकदा दारातून डोकावून पाणी हवंय का म्हणून विचारून गेला.

आणि आमचे गिऱ्हाईक काय एका भाषेचे होते? प्रत्येक इमारतीत निराळी बोली. लिफ्ट तीच, दार तेच, पण एकाचं दार ‘रुम्स’ करून आदळायचं, एकीचं ‘व्लां’, आणि कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचं ‘बातान’. आपलं साधं ‘धाड्’. प्रत्येकाच्या कानात आपापली आई बसलेली असते, ती सांगते तसं तो ऐकतो. सुरुवातीला मी चक्रावून गेले. मग हळूहळू कान बसला. स्क्रूबिक्रू सुटला असेल तर कुठल्याही भाषेचा माणूस असो, तो टिक, टिन, पिंग असलंच काहीतरी बारीक म्हणायचा. जड वस्तू पडली तर कोणीही टिक म्हणायचा नाही, तिथे तोंड उघडायचंच, धाड किंवा बूम. आवाजाच्या शेवटी ट आला, क आला की वस्तू जागच्या जागी थांबली. म आला, न आला की अजून थरथरतेय. हे मला कोणी शिकवलं नाही, यांनी आणि मी मिळून फोनवर शोधून काढलं, आणि आम्हाला त्याचा फार आनंद व्हायचा. नव्या प्रेमातली माणसं बागेत जातात. आम्ही “अगं, म होता की न होता?” करत बसायचो.

पण आवाज विचारायचा तो लिफ्ट बाहेरून बघणाऱ्याला. आत अडकलेल्या माणसाला काही विचारायचं नाही, हाही यांचाच नियम. त्याला दोनच वाक्यं द्यायची. “घाबरू नका. माणूस निघालाय.” आणि मग, “मी लाइनवर आहे.” मेकॅनिक पोहोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही. समोरचा रडला तरी, गप्प बसला तरी, मला शिव्या घातल्या तरी. सगळे एकच विचारायचे, किती वेळ लागेल. लिफ्ट बंद म्हटल्यावर आमच्या माणसाला जिनाच चढावा लागायचा. शेवटी शेवटी त्या अडकलेल्याच्या फोनमधून मला जिन्यावरची पावलं ऐकू यायची. धप्, धप्, धप्. यांचं पाऊल मी शंभरांत ओळखायचे. मी म्हणायचे, “ऐकू येतंय? तोच.” आणि खरं सांगते, त्या अडकलेल्याच्या आधी माझा जीव भांड्यात पडायचा.

लग्नाचंही तिथेच ठरलं. मशिनच्या खोलीतून फोन आला, “कंट्रोल, एक जुनी तक्रार आहे. धडधड होतेय.” मी विचारलं, कितवा मजला? तर म्हणाले, “माझाच.” मी म्हटलं, नोंदवून घेते. एवढंच. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, शी, किती कोरडं. मी म्हटलं, तुझ्या बापाने आयुष्यात इतकं गोड दुसरं काही म्हटलेलं नाही, तर गप्प बस.

तर अशा माणसाचे शब्द गेले आणि आवाज राहिले, तर मला काय अडणार होतं? ‘खरखर’ म्हटलं की दाढीचं सामान, ‘टण्’ म्हटलं की चमचा. आणि मला हाक मारायची असली की, खुर्चीत बसून, माझ्याकडे बघून, “ट्रिंऽग ट्रिंऽग.” माझा टेलिफोन. वाजवायचे आणि थांबायचे. मी हातातलं काम टाकून मूठ कानाला लावायचे आणि म्हणायचे, “हॅलो, कंट्रोल.” अर्धा चेहरा हसायचा. उरलेला अर्धा हसू शकत नव्हता, पण त्याचंही मन असायचं हसायचं, ते मला दिसायचं.

तरीही मला जुनी हाक हवी होती. लेकीला वाटलं, आईला आपलं नाव ऐकायचंय. माझं नाव यांनी लग्नाच्या कागदावर सही करताना वाचलं असेल तेवढंच. मला कंट्रोल हवं होतं. संध्याकाळी किल्ली दारात फिरायची आणि चपला काढायच्या आधी “कंट्रोल, आलो गं.” आता किल्ली माझ्याचकडे असते. मीच दार उघडते, मीच आत येते, आणि मला कोणी काही म्हणत नाही. माणूस समोर बसलेला असतो आणि त्याचीच आठवण येते, याला काय म्हणायचं? आपल्या भाषेत हुरहुर म्हणतात. हुरहुर ही काय वाजते का कुठे? पण ती लागली की आत हुबेहूब तसंच होतं, हुर हुर, एकदा होऊन थांबत नाही. र आहे ना शेवटी. तो चालूच राहतो.

मग कार्डवाली आली. म्हणजे आम्ही तिच्याकडे जायला लागलो. ती गेलेलं बोलणं परत शिकवते. मी तिला मनातल्या मनात कार्डवाली म्हणते. तिची भाषा वेगळी, आपली शिकून बोलते आणि बरी बोलते, फक्त ‘ळ’ तिच्या तोंडात घसरतो. छोटी खोली, गोल टेबल, भिंतीला आरसा आणि टेबलावर चित्रांच्या कार्डांची चळत. पहिल्या दिवशी तिने कुत्र्याचं चित्र धरलं. हे म्हणाले, “भो.” ती म्हणाली, “भो नाही काका, वुफ वुफ करतो तो कोण?” यांनी माझ्याकडे बघितलं. बिचारीच्या कुत्र्याचा घसा बसलाय की काय, असा चेहरा. कोंबड्याला यांचं कुकुचकू आणि तिचं किकेरिकी. मला हसू आवरेना, मग तिलाही आवरेना. मुलगी वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर चिडणार आहे.

चार-दोन वेळा गेल्यावर तिने मला बाजूला घेतलं. “काकू, तुम्हाला त्यांचं सगळं कळतं ना?”

“सगळं,” मी म्हणाले आणि जरा ताठ बसले. मला वाटलं, आता कौतुक होणार.

“तेच थांबवायला हवं,” ती म्हणाली. “आवाज काढला की चहा मिळतो, मग ते शब्द कशाला शोधतील? तुम्हाला कळलं तरी कळलं नाही असं दाखवा. शब्द मागा. हे पहिले महिनेच खरे. यात जे परत येईल ते येईल, पुढे कठीण होत जातं.”

मी विचारलं, “हाका येतील? म्हणजे, माणसांना मारायच्या?”

“प्रयत्न केला तर येऊ शकतील. आवाजावर भागवलंत तर नाही.”

झालं ना. माझ्या हुरहुरीची किल्ली तिने बरोबर माझ्याच हातात ठेवली. मी बाहेर आले तर बाकावर हे आणि एक न्हावी भांडत होते. न्हाव्याचीही तीच गत झालेली, त्याला त्याची बहीण घेऊन यायची, आणि त्यांची भाषा तिसरीच. तो यांच्या केसांकडे बघून दोन बोटं हलवत म्हणत होता, “चोकी चोकी.” हे म्हणत होते, “कच् कच्.” तो मान हलवायचा, चोकी चोकी. हे काठी आपटायचे, कच् कच्. दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी न्हाव्याने खिशातून कंगवा काढला, यांच्या कानामागचे केस नीट बसवले आणि मान तिरकी करून बघितलं. भांडण मिटलं. इतक्या दिवसांत यांच्याशी कोणी इतकं बोललं नव्हतं. मग न्हाव्याला आत बोलावलं, कात्री म्हणायला शिकवायला.

घरी आल्यावर नियम लागू झाला. हे म्हणाले, “सुर्र.” मी हात मांडीवर ठेवून बसले. “काय हवं?” “सुर्र.” “कळलं नाही.” यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरात शिरलेली परकी बाई आहे. मग समजावून सांगितल्यासारखं, सावकाश, कपबशीचं ‘किण्’ आणि मग ‘सुर्र’. इतकं स्पष्ट तर लहान मुलालाही कळेल. मी म्हणाले, “शब्द म्हणा. च.” यांच्या कपाळाची शीर उभी राहिली. चहाचं आधण उकळून उकळून आटलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघंही चहाशिवाय राहिलो. लेक फोनवर म्हणाली, “आई, कडक राहा. तूच त्यांना लाडावून ठेवलंयस.” सल्ला द्यायला काय, ती तिकडे बसून देते.

आणि मग ट्रिंऽग ट्रिंऽग आलं.

मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं आणि उभीच राहिले. उचलला असता तर हाक गेली असती कायमची, असं कार्डवालीच म्हणाली होती ना. ट्रिंऽग ट्रिंऽग. मी बाहेर आले, समोर बसले. म्हणाले, “असं नाही. म्हणा, कं.” त्यांचे ओठ एकावर एक आले. “क,” ते म्हणाले. “क. क.” गळ्यावरून घाम निथळायला लागला. मग थकून पुन्हा, अगदी हळू, ट्रिंऽग. मी मूठ मांडीवरून हलवली नाही. मी नोकरीला होते तोवर कंट्रोलचा फोन वाजून वाजून बंद पडला असं कधी झालं नव्हतं. जेवायला जायचे तर कोणाला तरी खुर्चीत बसवून जायचे. आणि आता मी समोर बसून तो वाजू देत होते.

फळ मिळालं, नाही असं नाही. ‘चा’ आला. मग ‘दार’. मग पाणी, बस, नको. ‘नको’ तर यांना इतका आवडला की आंघोळीला नको, गोळीला नको, मोज्यांना नको. कार्डवाली टाळ्या वाजवायची. लेकीला फोनवर ‘बस’ म्हणून दाखवलं तर ती रडली. मीही खूश होते. सगळ्यांना सांगत होते, शब्द येतायत.

पण घर कसलं झालं ते कोणाला सांगणार? आधी हे आवाज काही फक्त मागण्यासाठी काढत नव्हते. वरच्या मजल्यावरची बाई चालली की तिच्या सपातांचा आवाज काढून दाखवायचे, ‘फटक, फटक, घसर’, आणि डोळा मारायचे. पाइपातून पाणी गेलं की ‘गुडगुडगुड’. खालून हातगाडी गेली की कुठलं चाक वाकलंय ते आवाजातून सांगायचे. त्यांच्या तोंडून सबंध गल्ली घरात यायची. शब्द मागायला लागल्यापासून ते सगळं थांबलं. माणूस चा म्हणायचा, नको म्हणायचा, आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. घरात शुकशुकाट झाला. आणि एक दिवस, कपडे वाळत घालताना, माझ्या लक्षात आलं की आज ट्रिंग एकदाही वाजला नाही. काल वाजला होता का, तेही आठवेना. हाकही आली नव्हती, आणि जी येत होती ती मीच घालवली होती. मी ओला टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिले. तरी नियम मोडला नाही. म्हटलं, आता इतकं सोसलंय, तर पुढे असेल काहीतरी.

त्या दिवशी आम्ही कार्डवालीकडेच निघालो होतो. आमच्या इमारतीची लिफ्ट आमच्या कंपनीची नाही, नवीन आहे, गुळगुळीत, बटणं दिव्यांची. हे तिच्यावर मनातून नाराज असायचे. ती वर येत होती, आणि यांनी दाराला कान लावला. चेहरा बदलला. काठी भिंतीला टेकवली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “खर्र. खर्र. टिक्.”

कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून आवाज निघाला होता. आणि मला कळला. टिक्, म्हणजे बारीक काहीतरी सुटतंय. शेवटी क, म्हणजे अडकून थांबतंय. मला सगळं कळलं, जिन्याने जाऊ या म्हणतायत, हेसुद्धा. पण इतक्या दिवसांची सवय, त्यात उशीर होत होता, मी म्हणाले, “शब्दात सांगा.”

“दा,” ते म्हणाले. “दा.”

“दार? दाराचं काय?”

त्यांनी पुन्हा दाराला कान लावला. मग म्हणाले, “नको.”

आता नको ते मोज्यांनाही म्हणत होते. मी म्हटलं, चला, उशीर होतोय, आणि दंडाला धरून त्यांना आत घेतलं. शब्द मागितला, शब्द मिळाला, आणि मी तो ऐकला नाही.

दोन मजल्यांच्या मध्ये खर्र झालं, खर्र झालं, आणि टिक्. दिवा मंद झाला. पंखा थांबला. मी बटणं दाबली, सगळी. मग घंटेचं बटण दाबलं, तर जाळीतून एका मुलीचा आवाज आला, फार गोड, फार सराईत. इमारतीचा क्रमांक विचारला, लिफ्टचा क्रमांक विचारला. मी म्हटलं, “ऐका, खर्र-खर्र-टिक् असं होतंय, दाराच्या वरच्या खटक्यात बघायला सांगा.” ती म्हणाली, “मॅडम, आपली तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद.” आणि फोन ठेवला.

अडकलेल्या माणसाचा फोन ठेवला. माझं तर डोकंच फिरलं. त्या जाळीला मी जे काही बोलले ते इथे सांगत नाही. मग बोलून झालं, आणि लिफ्टमध्ये एकदम काही उरलं नाही. चार भिंती, हे, मी, आणि आमचा श्वास. आयुष्यभर मी अडकलेल्यांशी बोलले, पण स्वतः कधी अडकले नव्हते. माणसं फोनवर रडायची तेव्हा मला वाटायचं, इतकं काय त्यात. आता कळलं. भिंती जवळ येतायत असं वाटायला लागलं, आणि मी साडी सावरत खाली जमिनीवर बसले. “मला सहन होत नाहीये,” मी म्हणाले. “अहो, मला श्वास घेता येत नाहीये.”

ते काठीवर भार देऊन माझ्याकडे बघत होते. हळूहळू, भिंतीला घासत घासत, तेही खाली बसले. त्यांना खाली बसता येत नाही, कोणी धरल्याशिवाय. बसले. आमचे गुडघे गुडघ्यांना लागले. आणि ते म्हणाले, “ट्रिंऽग ट्रिंऽग.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते थांबले होते. नेहमीसारखे, मी उचलेपर्यंत थांबणारे.

नियम गेला खड्ड्यात. मी मूठ कानाला लावली. “हॅलो,” मी म्हणाले. “कंट्रोल.” आणि मला रडूच फुटलं. “मी अडकलेय हो. किती दिवस झाले, मी अडकलेय, आणि कोणी फोन उचलत नाही.”

त्यांनी डावी मूठ आपल्या कानाला लावली. ओठ हलले. मला वाटलं, आता क येईल. क आला नाही. आधी घ आला, मग पुन्हा घ, गळ्यातल्या गळ्यात, जड. कपाळावरची शीर उभी राहिली. आणि मग कुठलीतरी गाठ सुटली आणि एका दमात, माझ्याच चालीत, माझ्याच नोकरीतल्या आवाजात ते म्हणाले, “घाबरू नका. माणूस निघालाय.”

सबंध संसारात मला कधी अहोजाहो केलं नव्हतं त्यांनी. वाक्य जसं होतं तसंच दिलं. त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही.

माझं रडू थांबलं. ते माझ्याकडे बघत होते, मूठ अजून कानाला, घामाने डबडबलेले, आणि डोळ्यांत भीती, की मला पोहोचलं की नाही. पोहोचलं होतं. कोण निघालाय तेही कळलं होतं. पण अडकलेली सगळी माणसं जे विचारतात तेच मीही विचारलं.

“किती वेळ लागेल?”

त्यांनी विचार केला. शब्द शोधत होते, ते दिसलं मला, आणि शोधणं सोडून दिलं तेही दिसलं. मग त्यांनी काठी उचलून लिफ्टच्या जमिनीवर टेकवली. “धप्,” ते म्हणाले. मग बराच वेळ थांबले. मग, अधू पाय ओढल्याचं, “सर्र.” पुन्हा थांबले. “धप्.”

एकेक पायरी. मजले पुष्कळ आहेत, आणि पाय तसा आहे. वरपर्यंत येईल की नाही, हे कार्डवालीलाही माहीत नाही. पण पाऊल मी शंभरांत ओळखते.

मी डोळे पुसले आणि मूठ कानाला घट्ट धरली.

“सावकाश या,” मी म्हटलं. “मी लाइनवर आहे.”